प्रशिक्षक बदलला की संघ का बदलतो? अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील खेळाडूभरतीचे नवे गणित

अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाने १२ एप्रिल २०२४ रोजी आपल्या पुरुष बास्केटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी मार्क पोप यांची नियुक्ती केली. आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला हा संघ. त्यातील १९९६च्या विजेत्या संघाचे कर्णधारपद स्वतः पोप यांनीच भूषविलेले. लेक्सिंग्टन येथील रप अरीना या वीस हजारांहून अधिक आसनक्षमतेच्या क्रीडागृहात त्यांचे थाटात स्वागत झाले. मात्र आदल्या हंगामात शिष्यवृत्तीवर खेळणारा एकही खेळाडू नव्या हंगामासाठी त्यांच्या संघात उरला नाही. काही व्यावसायिक स्पर्धेत गेले, काहींची महाविद्यालयीन खेळाची मुदत संपली, आणि उरलेल्यांनी अन्य विद्यापीठांची वाट धरली.

महाविद्यालयाचा संघ म्हणजे तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा संघ, अशी आपली साधी समजूत असते. प्राध्यापक बदलला म्हणून वर्ग रिकामा होत नाही. मग प्रशिक्षक बदलल्याने संघ रिकामा का व्हावा? खेळाच्या बळावर अमेरिकेत शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. त्याचे शिक्षण, त्याची शिष्यवृत्ती आणि त्याचा देशातील मुक्काम या तिन्ही गोष्टी त्या उत्तराशी निगडित आहेत.

केंटकीत काय घडले

पोप यांच्यापूर्वी जॉन कॅलिपारी हे २००९पासून पंधरा हंगाम या संघाचे प्रशिक्षक होते. २०१२मध्ये त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. व्यावसायिक एनबीए स्पर्धेत शालेय शिक्षणानंतर किमान एक वर्ष गेल्याखेरीज प्रवेश नाही, असा नियम २००६पासून लागू झाला होता. त्याचा कॅलिपारी यांनी पुरेपूर उपयोग केला. देशातील उत्तमोत्तम शालेय खेळाडू ते निवडत. हे खेळाडू एक वर्ष केंटकीकडून खेळत आणि एनबीएमध्ये जात. त्यामुळे दरवर्षी चेहरे बदलणे केंटकीच्या चाहत्यांना नवे नव्हते. परंतु २१ मार्च २०२४ रोजी राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत ओकलंड विद्यापीठाच्या तुलनेने अपरिचित संघाने केंटकीला ८०-७६ असे पराभूत केले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत कॅलिपारी यांनी राजीनामा देऊन आर्कान्सा विद्यापीठाची सूत्रे हाती घेतली. आर्कान्सा हा त्याच साउथईस्टर्न गटातील प्रतिस्पर्धी!

मग गळती सुरू झाली. रीड शेपर्ड आणि रॉब डिलिंगहॅम यांची एनबीएच्या निवडीत अनुक्रमे तिसऱ्या आणि आठव्या क्रमांकावर निवड झाली. हे अपेक्षितच होते. डी. जे. वॅग्नर, अडू थिएरो आणि क्रोएशियाचा उंचपुरा झ्वोनिमिर इविशिच हे तिघे कॅलिपारी यांच्यापाठोपाठ आर्कान्सात दाखल झाले. आरन ब्रॅडशॉ ओहायो स्टेटला, तर उगोना ओन्येन्सो कॅन्सस स्टेटला गेला. अद्याप महाविद्यालयात पाऊलही न टाकलेल्या शालेय खेळाडूंनीही निर्णय फिरवले. केंटकीला होकार दिलेले बूगी फ्लँड, कार्टर नॉक्स आणि बिली रिचमंड आर्कान्साला गेले, जेडन क्वेन्टन्सने ॲरिझोना स्टेटची निवड केली. मूळ नवोदितांपैकी केंटकी राज्याच्या शालेय इतिहासात सर्वाधिक गुण नोंदवणारा ट्रॅव्हिस पेरी मात्र आपल्या शब्दाला जागला.

पोप यांच्यासमोर त्यामुळे एप्रिल ते जून या अवघ्या तीन महिन्यांत संपूर्ण संघ उभारण्याचे आव्हान होते. त्यांनी निवडलेला मार्ग कॅलिपारी यांच्या नेमका उलट होता. अठरा वर्षांच्या होतकरू मुलांऐवजी त्यांनी अन्य महाविद्यालयांत तीन-चार वर्षे खेळून मुरलेले खेळाडू गोळा केले. सॅन डिएगो स्टेटचा लमाँट बटलर आला. २०२३च्या राष्ट्रीय उपान्त्य सामन्यात अखेरच्या क्षणी विजयी गोल करणारा तो हाच. डेटनचा कोबी ब्रिया आला. २०२३-२४मध्ये तीन गुणांच्या फेकींमधील यशाचे त्याचे प्रमाण देशात सर्वाधिक होते. ड्रेक्सेलहून ब्रिटिश खेळाडू अमारी विल्यम्स, ओक्लाहोमाहून ओटेगा ओवेह, वेक फॉरेस्टहून अँड्र्यू कार असे एकेक जण येत गेले. पोप यांच्या आधीच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातून जॅक्सन रॉबिन्सन आला, तसाच त्या विद्यापीठाशी करारबद्ध असलेला आणि दोन वर्षे धर्मप्रचारकार्यावर गेलेला कॉलिन चँडलरही आला. थोडक्यात, कॅलिपारी यांनी केंटकीला जे केले, तेच लहान प्रमाणावर पोप यांनी ब्रिगहॅम यंगला केले.

हा जोडून आणलेला संघ फसला नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये त्याने बलाढ्य ड्यूकचा ७७-७२ असा पराभव केला. १ फेब्रुवारी २०२५ रोजी कॅलिपारी आपला आर्कान्सा संघ घेऊन रप अरीनात परतले आणि ८९-७९ असे जिंकून गेले. प्रेक्षकांना आपलेच कालचे खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या गणवेशात पाहावे लागले. मार्चमधील राष्ट्रीय स्पर्धेत मात्र दोन्ही संघ अखेरच्या सोळांत पोहोचले आणि दोघांचाही प्रवास तेथेच थांबला.

नियम कसे बदलले

या साऱ्याच्या मुळाशी आहेत ते गेल्या काही वर्षांत पालटलेले नियम. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन एनसीएए ही संस्था करते. तिच्या सर्वोच्च श्रेणीत बास्केटबॉलचे साडेतीनशेहून अधिक संघ आहेत. पूर्वी या श्रेणीतील बास्केटबॉलपटूने महाविद्यालय बदलले, तर सर्वसाधारणपणे त्याला एक हंगाम बाहेर बसावे लागे. शिक्षण चालू, सराव चालू, पण सामन्यात उतरावयाचे नाही. हा दंडच होता, आणि प्रशिक्षकांना मात्र तो कधीच लागू नव्हता. करार मोडून जाणारा प्रशिक्षक दुसऱ्याच हंगामात नव्या संघाच्या बाकावर दिसे; त्याच्या शब्दावर विसंबून आलेला विद्यार्थी अडकून पडे. ही विसंगती उघड असूनही तिला अनेक दशके धक्का लागला नाही, याचे आश्चर्य वाटते.

२०२१मध्ये सर्व खेळांतील विद्यार्थ्यांना एकदा विनादंड महाविद्यालय बदलण्याची मुभा मिळाली. दुसऱ्यांदा बदल करणाऱ्यांवरील निर्बंधाला डिसेंबर २०२३मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने स्थगिती दिली. एप्रिल २०२४मध्ये एनसीएएने अभ्यासातील प्रगती समाधानकारक असल्यास कितीही वेळा बदल करण्यास संमती दिली. म्हणजे कॅलिपारी यांचा राजीनामा आणि हा निर्णय एकाच महिन्यातले. महाविद्यालय बदलू इच्छिणाऱ्यांची नावे ‘ट्रान्स्फर पोर्टल’ या संगणकीय नोंदवहीत दाखल होतात आणि एकदा नाव तेथे आले, की अन्य प्रशिक्षकांना त्या खेळाडूशी बोलणी करता येतात. बास्केटबॉलपटूंसाठी ही नोंदणी तेव्हा ४५ दिवस खुली असे. ऑक्टोबर २०२४मध्ये ती ३० दिवसांवर आणण्यात आली. मुख्य प्रशिक्षक गेल्यास त्याच्या संघातील खेळाडूंना २०२४च्या नियमानुसार ३० दिवसांची स्वतंत्र मुदत मिळत असे. प्रशिक्षक बदलताच संघ का विस्कटतो, याचे एक कारण या तरतुदीत आहे.

दुसरे कारण अर्थातच पैसा. जुलै २०२१पासून विद्यार्थी-खेळाडूंना आपले नाव, प्रतिमा आणि ओळख यांच्या व्यावसायिक वापरातून उत्पन्न मिळवण्याची परवानगी मिळाली. त्याआधी एखाद्या खेळाडूने जाहिरातीचे पैसे घेतले, तर तो स्पर्धेतून बाद ठरे. जून २०२५मध्ये ‘हाउस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यातील तडजोडीस न्यायालयाने मान्यता दिली आणि १ जुलै २०२५पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी सर्व खेळ मिळून ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर इतकी होती. ही तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत पुरुष बास्केटबॉलसाठी असलेली तेरा शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन त्या जागी पंधरा खेळाडूंच्या संघाची मर्यादा आली. नवा प्रशिक्षक आता रिकाम्या जागा मोजतो आणि शेजारी रक्कमही मांडतो.

एकदा वाट मोकळी झाली, की ती प्रशिक्षक बदलण्याची वाट पाहत नाही. इविशिच एका हंगामानंतर आर्कान्सा सोडून इलिनॉयला गेला. तीन वर्षांत तीन विद्यापीठे. फ्लँड फ्लोरिडाला गेला. निष्ठेसाठी वाखाणला गेलेला पेरीही २०२५मध्ये केंटकीतून मिसिसिपी विद्यापीठात गेला. आणि प्रशिक्षक बदलल्यामुळे केंटकीला नकार देणारा क्वेन्टन्स त्याच वर्षी पोप यांच्या संघात दाखल झाला.

ज्याला कोणी बोलावत नाही

वर उल्लेखिलेले बहुतेक खेळाडू नामवंत असल्याने त्यांना मागणी होती. खरा प्रश्न संघाच्या बाकावरच्या दहाव्या-बाराव्या खेळाडूचा आहे. जुन्या प्रशिक्षकाने आणलेला हा विद्यार्थी नव्या प्रशिक्षकाच्या खेळपद्धतीत बसत नाही. त्याची शिष्यवृत्ती लगेच रद्द होते असे नाही. केवळ खेळातील कामगिरीच्या कारणावरून शिष्यवृत्ती काढून घेता येणार नाही, असा नियम पाच प्रमुख गटांनी २०१५मध्ये स्वीकारला आहे. पण तुला मैदानावर संधी मिळणे कठीण आहे, एवढे सौम्य शब्दांत सांगितले तरी विद्यार्थी समजायचे ते समजतो आणि आपले नाव नोंदवहीत घालतो. ते घातल्यानंतर आधीच्या विद्यापीठावर शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवण्याचे बंधन राहतेच असे नाही, आणि नवीन जागा मिळेलच याची शाश्वती नसते.

अभ्यासाचीही कसरत असते. एनसीएएच्या नियमाप्रमाणे विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षाअखेर पदवीच्या अभ्यासक्रमाचा ४० टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर ६० टक्के आणि चौथ्या वर्षाअखेर ८० टक्के भाग पूर्ण केलेला असावा लागतो. महाविद्यालय बदलताना आधीचे सर्वच श्रेयांक नव्या ठिकाणी पदवीसाठी धरले जात नाहीत. दोनदा-तीनदा बदल करणाऱ्याच्या हाती चार वर्षांनी खेळाची चित्रफीत असते, पदवी नसते, असे घडू शकते.

दारासुरम्‌चा मुलगा आणि आय-२०

आपल्याकडील व्यवस्थेशी तुलना केली म्हणजे फरक लक्षात येतो. तामिळनाडूत कुंभकोणम्‌ला लागून दारासुरम् आहे. ऐरावतेश्वराच्या चोळकालीन मंदिरामुळे ते जगाला ठाऊक आहे, आणि तंजावरच्या भोसले राजवटीमुळे मराठी वाचकाला तो मुलूख परका नाही. तेथील एखादा मुलगा राज्य पातळीवर बास्केटबॉल खेळला, तर त्याच्यापुढे ठरलेली वाट असते. तामिळनाडूच्या अभियांत्रिकी प्रवेशप्रक्रियेत गुणवंत खेळाडूंसाठी ५०० जागा राखून ठेवल्या जातात. त्या जागा प्रमाणपत्रांच्या गुणांकनावर मिळतात. महाविद्यालयाचा क्रीडा प्रशिक्षक पुढे बदलला, तरी मुलाची जागा जात नाही. पदवीनंतर रेल्वे किंवा चेन्नईची इंडियन ओव्हरसीज बँक यांसारख्या संस्थांच्या संघांतून नोकरीची आशा असते. महाराष्ट्रातही शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. या व्यवस्थेत झगमगाट नाही, लाल फीत आहे, पण ती एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून नाही.

अमेरिकेत शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या भारतीय खेळाडूची गोष्ट वेगळी. अशी उदाहरणे अजून मोजकीच आहेत. पंजाबचा सतनाम सिंग २०१०मध्ये फ्लोरिडातील क्रीडा अकादमीत गेला आणि महाविद्यालयीन बास्केटबॉल न खेळताच २०१५मध्ये एनबीएच्या निवडीत स्थान मिळवणारा पहिला भारतीय ठरला. बंगळुरूची संजना रमेश मात्र नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाकडून महाविद्यालयीन पातळीवरच खेळली. अशा विद्यार्थ्याला सामान्यतः एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा मिळतो आणि त्याचा आधार असतो विद्यापीठाने दिलेला आय-२० हा दाखला. विद्यापीठ बदलले की ही नोंद नव्या संस्थेकडे वर्ग करून नवा आय-२० घ्यावा लागतो. अमेरिकी खेळाडू नोंदवहीत नाव घालून उन्हाळाभर वाट पाहू शकतो. परदेशी विद्यार्थ्याला मात्र अशी वाट पाहताना आपल्या मुक्कामाच्या वैधतेकडे डोळा ठेवावा लागतो.

पैशाच्या बाबतीतही तो मागेच राहतो. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. बाहेरील कामावर कडक निर्बंध आहेत. त्यामुळे सहकारी जाहिराती करून कमावत असताना परदेशी खेळाडूने अमेरिकेच्या भूमीवर तसे केल्यास व्हिसाच धोक्यात येण्याची भीती असते. काँगोचा ऑस्कर श्रीब्वे २०२२मध्ये देशातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडू ठरला, तोही केंटकीचाच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संघ बहामा बेटांच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा त्याने जाहिरातींची आपली कामे अमेरिकेबाहेर, त्या दौऱ्यातच उरकून घेतली. २०२५पासून विद्यापीठे थेट मोबदला देऊ लागली, तेव्हा एफ-१ व्हिसावरील खेळाडूने तो कोणत्या स्वरूपात स्वीकारावा, हा प्रश्न विद्यापीठांच्या वकिलांपुढे नव्याने उभा राहिला.