रक्ताभिसरणाची डबी घेण्यापूर्वी

थंडी पडली की घराघरांत एकच तक्रार ऐकू येते. हातपाय बधिर होतात, तळपायांना मुंग्या येतात. शेजारच्या खाला सांगतात, "रक्त फिरत नाही, जडीबुटी घ्या." आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आठवडी बाजारापासून यात्रेपर्यंत अशा पुड्या मिळतात, आणि आता मोबाईलवरूनही डब्या घरपोच येतात.

वनस्पतींना आमचा विरोध नाही. अर्जुनाची साल आणि लसूण ही जुनी, ओळखीची औषधे आहेत. पण मुंग्या येतात म्हणजे रक्तच अडले, असे नाही. पुष्कळदा शुगरमुळे नसा कमजोर झालेल्या असतात किंवा बी-१२ कमी असते. चालताना पोटरी दुखून येते आणि थांबले की बरे वाटते, तेव्हा मात्र पायाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याची शंका घ्यावी. अशा माणसाने आधी विडी-तंबाखू सोडावी. तिच्यापुढे कोणतीही डबी टिकत नाही. तपासणी राहून जाते आणि पायाची जखम चिघळते, हे खरे नुकसान.

ज्यांना हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी जास्त सांभाळावे. भाजीतल्या लसणाची गोष्ट वेगळी. पण लसणाच्या किंवा गिंकोच्या कॅप्सूल त्या गोळ्यांसोबत घेतल्या तर रक्तस्राव वाढू शकतो. दात काढायचा असेल किंवा ऑपरेशन ठरले असेल, तर आपण काय काय घेतो ते डॉक्टरांना सांगावेच. अब्बा-अम्मी हे सहसा लपवतात, डॉक्टर रागावतील म्हणून.

आता भरवशाच्या ब्रँडविषयी. डबी उलटी करून बारीक अक्षर वाचा. युनानी किंवा आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी, कंपनीचा पत्ता आणि मुदत लिहिलेली हवी. अन्नपूरक असेल तर एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक असतो आणि 'औषधी वापरासाठी नाही' असे इंग्रजीत छापलेले असते. विकणारा मात्र तीच डबी औषध म्हणून देतो! १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब, लकवा बरा करण्याच्या जाहिरातींना मनाई आहे. म्हणून 'शुगर मुळासकट जाईल' असे डबीवरच छापलेले दिसले, तर ती कंपनी कायदा पाळत नाही एवढे तरी कळते.

परवाना म्हणजे सारे निर्धोक, असेही नाही. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधे तपासली. सुमारे एक पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. असे धातू चवीवरून ओळखू येत नाहीत. २०२५च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा आधी पाण्यावर संशय गेला, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. रोजच्या पोळीत काय आहे ते घरात कोणाला दिसले नव्हते, मग पुडीतले कसे दिसणार? म्हणून कंपनीकडे त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. चांगली कंपनी तो देते.

'हलाल' शिक्क्याबद्दल भगिनी विचारतात. कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते, तेव्हा चौकशी योग्यच आहे. पण तो शिक्का औषधाचा गुण किंवा शिशाचे प्रमाण सांगत नाही. 'तिब्ब-ए-नबवी' हे शब्द तर कोणीही छापतो. ज्याला वैद्यकी येत नाही आणि तरी जो इलाज करतो, तो नुकसानीला जबाबदार, असा आशय अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात आहे. विक्रेत्याला विचारायला म्हणूनच संकोच नको.

युनानीच घ्यायचे असेल तर नोंदणी असलेल्या बीयूएमएस डॉक्टरांकडे जावे आणि जाताना चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत न्यावीत. बिल घ्यावे, रिकामी डबीही जपून ठेवावी. त्रास झाला तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करताना हीच दोन कामी येतात.