ऊस आपला, मग पेट्रोल १०४ रुपये का?

हंगामात बारामतीहून इंदापूरकडे निघालात की भवानीनगरच्या आसपास गाडीला बैलगाडीची चाल येते. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, हवेत मळीचा आंबूस वास. या रस्त्यावरच्या पंपावर दुचाकीत दोनशेचं पेट्रोल टाकताना एक प्रश्न हमखास कानावर येतो: "ऊस आपला, कारखाना आपला, आता इथेनॉलही आपलं. मग पेट्रोल १०४ च्या घरात कसं?"

प्रश्न रास्त आहे, पण त्यामागचा हिशेब चुकतो. साखर काढून उरलेल्या मळीचं इथेनॉल म्हणजे जवळजवळ फुकटाचं, असं आपण धरून चालतो. एक टन उसाच्या शेवटच्या, म्हणजे सी हेवी मळीतून जेमतेम दहा-अकरा लिटर इथेनॉल निघतं. जास्त हवं तर साखरेवर पाणी सोडावं लागतं. थेट रस वापरला तर टनाला सुमारे ७० लिटर मिळतं, पण मग साखर नाही. म्हणूनच २०२४-२५ मध्ये सी हेवीच्या इथेनॉलला लिटरमागे ५७.९७ रुपये, बी हेवीला, म्हणजे त्याआधीच्या टप्प्यातल्या मळीच्या इथेनॉलला, ६०.७३ आणि रसाच्या इथेनॉलला ६५.६१ रुपये दर होता.

आणि मक्याच्या इथेनॉलला ७१.८६. हो, मक्याच्या! टाकीतलं इथेनॉल उसाचंच असतं हा आपल्या भागाचा लाडका समज. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या धास्तीनं केंद्रानं रसापासूनच्या इथेनॉलवर एकाएकी बंधनं घातली आणि धान्य पुढे सरकलं. २०२४-२५ मध्ये देशातलं निम्म्याहून अधिक इथेनॉल धान्याचं होतं. जुलै २०२५ अखेर तेल कंपन्यांना इथेनॉल जीएसटी आणि वाहतुकीसह लिटरमागे सरासरी ७१.३२ रुपयांना पडत होतं. शुद्धीकरण कारखान्यातून निघणाऱ्या पेट्रोलपेक्षा हे महाग पडतं, हे पेट्रोलियम मंत्रालयानंच सांगितलं.

समजा, उद्या इथेनॉल दहा रुपयांनी उतरलं. पंपावरच्या लिटरमध्ये इथेनॉल पाचवा हिस्सा, म्हणजे फरक दोन रुपयांचा. वर केंद्राचं उत्पादन शुल्क, राज्याचा २५ टक्के व्हॅट आणि लिटरमागे आणखी ५.१२ रुपये. कारखाना दारात असल्याचा फायदाही नाही. माळेगाव किंवा सोमेश्वर कारखान्याचा टँकर पंपावर नव्हे, तेल कंपनीच्या डेपोत रिकामा होतो. मिश्रण तिथं होतं.

शेतकऱ्यानं लुटलं म्हणावं, तर २०२२-२३ ते २०२४-२५ दरम्यान उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, टनाला ३,०५० वरून ३,४०० रुपयांवर गेली, बी हेवीचा दर मात्र ६०.७३ वरच राहिला.

खरी कात्री ॲव्हरेजची. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. वीस टक्के मिश्रणानं जुन्या धाटणीच्या चारचाकीचं ॲव्हरेज ६-७ टक्क्यांनी आणि दुचाकीचं ३-४ टक्क्यांनी घटू शकतं, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं. त्याची भरपाई करात सवलत देऊन करावी, असंही त्यात सुचवलं होतं. आपल्या वाट्याला आलं ते पहिलंच, दुसरं पंपाच्या पावतीवर कधी उमटलं नाही.

ब्राझीलमध्ये इथेनॉलची नळी वेगळी आणि दराची पाटीही वेगळी. त्याचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तर तिथला चालक इथेनॉल भरतो, नाहीतर पेट्रोल. भवानीनगरच्या रस्त्यावर नळी एकच.