‘फॉरफिट’ : हक्क सोडला, गेला, गमावला की काढून घेतला?

मागच्या वेळी आपण ‘राइट’ या शब्दावर बोललो होतो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, “सर, हक्क मिळतो कसा ते तुम्ही सांगितलंत, पण तो जातो कसा?” आजचं व्याख्यान त्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते मी एकाच इंग्रजी शब्दाच्या आधाराने देणार आहे. शब्द आहे ‘फॉरफिट’.

हा शब्द निवडण्यामागे एक प्रसंग आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आत्या काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली होती. पहिले यजमान गेल्यावर त्यांच्या घरातला हिस्सा वारशाने तिच्या नावावर लागला होता. त्यानंतर चार वर्षांनी तिने दुसरं लग्न केलं. लगेच दिरांकडून वकिलाची नोटीस आली. नोटीस इंग्रजीत. त्यात एक वाक्य असं होतं की, पुनर्विवाह करून आपण आपला हक्क ‘फॉरफिट’ केला आहे. बाईंनी शब्दकोश पाहिला. तिथे अर्थ सापडला, ‘गमावणे’. त्यांना वाटलं, संपलं सगळं. मी काही वकील नाही, तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस. पण त्यांनी मला एक प्रश्न विचारला. म्हणाल्या, “सर, या शब्दाचा अर्थ माझा हक्क गेला असा आहे, की तो गेला असं यांचं म्हणणं आहे?”

आज तासभर जे बोलायचं, ते सगळं या प्रश्नात आहे.

आधी शब्द नीट पाहू. स्पेलिंग बघून आपण ‘फॉरफीट’ म्हणतो. इंग्रजीत उच्चार ‘फॉरफिट’, शेवट ऱ्हस्व. याच घराण्यातले आणखी दोन शब्द तुम्हाला ठाऊक असतील, ‘काउंटरफिट’ म्हणजे बनावट आणि ‘सर्फिट’ म्हणजे अतिरेक. तिन्हींच्या शेपटीला लॅटिनमधला ‘फाकेरे’ हा धातू आहे, अर्थ ‘करणे’. विरुद्ध केलेलं ते काउंटरफिट, वाजवीपेक्षा जास्त केलेलं ते सर्फिट. आणि ‘फॉरफिट’मधला पहिला भाग आहे ‘फोरिस’, म्हणजे बाहेर, दाराबाहेर. म्हणजे ‘फॉरफिट’ हे मुळात मर्यादेबाहेर जाऊन केलेलं कृत्य.

आता गंमत बघा. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘गुन्हा’ असा होता. पुढे त्या गुन्ह्याबद्दल जे द्यावं लागतं त्याला तो शब्द लागला. मग क्रियापद झालं, ‘स्वतःच्या कृत्यामुळे हक्काला मुकणे’. म्हणजे अर्थ कृत्यावरून परिणामावर सरकला, पण कृत्याची सावली शब्दावरून गेली नाही. ‘ही फॉरफिटेड’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप येतं, यानेच काहीतरी केलं असणार.

आणि इथे व्याकरण कामाला येतं. 2006 सालची ओव्हलची कसोटी अनेकांना आठवत असेल. चेंडू कुरतडल्याचा ठपका ठेवून पंचांनी पाकिस्तानला पाच धावांचा दंड केला. निषेध म्हणून संघ चहापानानंतर वेळेवर मैदानात आला नाही. पंचांनी बेल्स उडवल्या आणि सामना इंग्लंडला दिला. इंग्रजीत याचं वर्णन कसं होतं? ‘पाकिस्तानने सामना फॉरफिट केला.’ बेल्स पंचांनी उडवल्या, निर्णय पंचांचा, पण वाक्याचा कर्ता पाकिस्तान! पुढे 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने तो सामना अनिर्णित ठरवला, आणि 2009 मध्ये पुन्हा इंग्लंडचा विजय कायम केला. म्हणजे ‘फॉरफिट’ झालं की नाही हे कोणीतरी ठरवत होतं, बदलत होतं, परत ठरवत होतं. क्रियापद मात्र असं भासवतं की ते आपोआप घडलं.

मराठीत आपण काय म्हणतो? ‘उमेदवाराचं डिपॉझिट जप्त झालं.’ लोकसभेला अनामत 25,000 रुपये, विधानसभेला 10,000, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. पडलेल्या उमेदवाराला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं नसतील तर ती रक्कम सरकारजमा होते. इंग्रजीत उमेदवार डिपॉझिट ‘फॉरफिट’ करतो. मराठीत ते ‘जप्त होतं’. ‘जप्त’ म्हटलं की घेणारा हात दिसतो. घटना एकच, पण इंग्रजी शब्द देणाऱ्याच्या चुकीकडे बोट दाखवतो आणि मराठी शब्द घेणाऱ्याच्या मुठीकडे. म्हणून ‘फॉरफिट’ला ‘जप्त’ हा प्रतिशब्द कधी चालतो, कधी अपुरा पडतो.

तर हक्क जाण्याच्या वाटा किती? मी चार सांगतो.

पहिली, हक्क सोडणे. इंग्रजीत ‘वेव्ह’. समजून उमजून, आपल्या मर्जीने. बहीण हक्कसोडपत्रावर सही करते तेव्हा कागदावर तरी हेच घडत असतं. मर्जी खरंच होती का, हा वेगळा प्रश्न.

दुसरी, हक्क संपणे. ‘लॅप्स’. मुदत उलटते, अट पुरी होत नाही. यात दोष असेलच असं नाही. 1848 मध्ये सातारचं राज्य डलहौसीने घेतलं ते याच शब्दाखाली. औरस वारस नाही, दत्तक मान्य नाही, म्हणून राज्य ‘लॅप्स’ झालं. आपले लोक मात्र सरळ ‘खालसा केलं’ म्हणाले. कर्ता कोण हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

तिसरी, हक्क गमावणे. हा ‘फॉरफिट’. आपल्या कृत्यामुळे किंवा कसुरीमुळे.

चौथी, हक्क हिरावला जाणे. ‘डिप्राइव्ह’. इथे दुसऱ्याचं कृत्य.

पहिल्या आणि तिसऱ्यातला फरक नाजूक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 च्या ओलानो खटल्यात तो असा सांगितला आहे : ज्ञात हक्क जाणूनबुजून सोडणं म्हणजे ‘वेव्हर’, आणि हक्क वेळेवर न मागणं म्हणजे ‘फॉरफिचर’. म्हणजे एकात इच्छा असते, दुसऱ्यात नसली तरी चालते. म्हणून तर दुसरं जास्त धोक्याचं. माझी इच्छा नसताना माझा हक्क जायचा असेल, तर त्याला काही अटी हव्यातच.

माझ्या मते अशा चार अटी आहेत. एक, नियम आधीपासून असला पाहिजे. दोन, कृत्य माझंच असलं पाहिजे. तीन, ज्याला फायदा होणार त्यानेच निवाडा देता कामा नये. चार, नुकसान कसुरीच्या मापात असलं पाहिजे. चौथ्या अटीचं एक घरगुती उदाहरण म्हणजे ग्रॅच्युइटी. कायद्यानुसार कर्मचाऱ्याने हेतुपुरस्सर किंवा निष्काळजीपणाने मालकाच्या मालमत्तेचं नुकसान केलं आणि त्याबद्दल त्याला कामावरून काढलं, तर ग्रॅच्युइटी रोखता येते, पण त्या नुकसानीएवढीच. दंगा, हिंसा, नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशा कारणांसाठीच ती अंशतः किंवा पूर्ण जाऊ शकते.

दुसऱ्या अटीचा इतिहास मोठा आहे. जुन्या इंग्लंडमध्ये राजद्रोह्याची जमीन तर जाईच, शिवाय त्याचं ‘रक्त दूषित’ झालं असं मानून वारसांचाही वारसाहक्क तुटे. बापाचा गुन्हा, शिक्षा मुलाला. जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस याच्या मुळावर घाव घातला. बापाची चूक ती मुलांची चूक नव्हे, असा त्याचा युक्तिवाद आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेने राजद्रोहाबद्दलची जप्ती गुन्हेगाराच्या हयातीपुरतीच ठेवली. खुद्द इंग्लंडने 1870 च्या ‘फॉरफिचर ॲक्ट’ने गुन्ह्यापायी मालमत्ता जाण्याची ही पद्धत बंद केली.

आता आपल्याकडे या. 1850 चा एकविसावा कायदा, जातिनिर्बंध दूर करणारा. त्याच्या मजकुरात ‘फॉरफिचर’ हा शब्दच आहे. धर्म सोडला किंवा जातीने वाळीत टाकलं, या कारणाने कोणाचाही हक्क किंवा मालमत्ता जाणार नाही, असं तो सांगतो. म्हणजे जातपंचायतीच्या हातातलं मोठं हत्यार, निदान कायद्याच्या दृष्टीने, बोथट झालं.

पण सहा वर्षांनी, 1856 मध्ये, विधवाविवाहाचा कायदा आला. एका हाताने पुनर्विवाहाला मान्यता दिली आणि दुसऱ्या कलमाने सांगितलं की, पुनर्विवाह होताच पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला विधवेचा हक्क संपेल, जणू ती त्या क्षणी मरण पावली. विचार करा, लग्न करणाऱ्या बाईला कायद्याने मृत धरलं! आणि यातला सल आणखी खोल आहे. आपल्याकडे कितीतरी जातींत पाट लावण्याची रीत आधीपासूनच होती. त्यांना या कायद्याची गरजच नव्हती. तरी मुंबई उच्च न्यायालयाने त्या विधवांनाही हे कलम लागू धरलं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली होती.

याच काळात आणखी एक प्रश्न प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. नवऱ्याची मालमत्ता वारशाने मिळाल्यानंतर विधवेचं वर्तन ‘शुद्ध’ राहिलं नाही तर ती मालमत्ता जाते का? मोनीराम कोलिता खटल्यात 1880 मध्ये उत्तर आलं, नाही. एकदा हक्क तिच्याकडे आला की नंतरच्या वर्तनाने तो जात नाही. आता दोन्ही एकत्र ठेवून बघा. संबंध ठेवले तर हक्क राहतो, रीतसर लग्न केलं तर जातो! ‘फॉरफिट’मध्ये ‘मर्यादेबाहेरचं कृत्य’ दडलेलं आहे असं मी म्हणालो. मग सन्मानाने लग्न करणं ही कोणती मर्यादा ओलांडणं झालं? ती मर्यादा आखली कोणी, आणि ती ओलांडली की जमीन कोणाकडे जात होती? नवऱ्याच्या इतर वारसांकडे. हक्क गमावल्याची भाषा ऐकू आली की नेहमी हा प्रश्न विचारावा : गमावलेलं कोणाच्या पदरात पडतंय?

आता तत्त्वज्ञानातला अवघड मुद्दा. सगळेच हक्क गमावता येतात का? लॉकने वारसांना वाचवलं, पण त्याचं म्हणणं असं की, मृत्युदंडाला पात्र कृत्य करणारा आपल्या जीविताचा हक्क ‘फॉरफिट’ करतो, आणि त्याच वाटेने तो गुलामगिरीचं समर्थनही करून बसला. न्याय्य युद्धातल्या पराभूत आक्रमकाला ठार मारता येतं, तर मारण्याऐवजी गुलाम म्हणून राबवताही येतं. स्वातंत्र्याच्या एवढ्या मोठ्या पुरस्कर्त्याला या एका शब्दाने कुठे नेऊन ठेवलं बघा. कांट इथे थांबतो. तो शिक्षेचा कडवा समर्थक. पण तो म्हणतो, गुन्हेगार नागरिकपण गमावू शकतो, माणूसपण नाही. त्याला दुसऱ्याच्या हेतूचं निव्वळ साधन बनवता येत नाही.

आपलं सर्वोच्च न्यायालय 1978 च्या सुनील बत्रा खटल्यात याच दिशेने गेलं. शिक्षा झाली म्हणून कैद्याचे मूलभूत हक्क दाराबाहेर राहत नाहीत. तुरुंगवासाने जेवढे अपरिहार्यपणे आकुंचित होतात तेवढेच होतात. मतदानाचा हक्क मात्र तुरुंगात असेपर्यंत बजावता येत नाही, तो कायद्यानेच थांबवला आहे. आणि 1985 चा मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा खटला. ‘फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही,’ असं त्यांनी उच्च न्यायालयात मान्य केलं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, त्या कबुलीने त्यांचं तोंड बंद होत नाही, मूलभूत हक्क असे सोडून देता येत नाहीत. झोपड्या वाचल्या असं नाही, हटवण्याचा पालिकेचा अधिकार न्यायालयाने मान्यच केला. पण त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं.

तर वापराबद्दल माझं सांगणं थोडक्यात. ‘फॉरफिट’चं भाषांतर करताना आधी संदर्भ पाहा. रक्कम किंवा वस्तू असेल तर ‘जप्त’ किंवा ‘सरकारजमा’. हक्क असेल आणि कसूर सिद्ध झाली असेल तर ‘गमावणे’. कसूर सिद्धच झालेली नसेल तर ‘हक्क गेल्याचा दावा’ असं म्हणा. हा शेवटचा फरक शब्दकोशात सापडत नाही. कारण शब्दकोश अर्थ सांगतो, निवाडा देत नाही.

त्या बाईंना मी एवढंच म्हणालो, “ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे. नोटीस म्हणजे निकाल नव्हे. हे दिरांचं म्हणणं आहे. वकिलांना दाखवा.” वकिलांनी पाच मिनिटांत सांगितलं, वारशाने एकदा नावावर आलेला हिस्सा नंतरच्या लग्नाने जात नाही. 1956 च्या वारसा कायद्यानंतर तो काळ गेला, आणि 1856 चा कायदाही 1983 मध्ये रद्द झाला. नोटिशीतला तो शब्द शंभर वर्षं उशिरा आला होता. पण बाईंनी प्रश्न विचारला नसता, तर कायदा काही आपणहून त्यांच्या दारात आला नसता. उत्तर द्यायची मुदत टळली असती, आणि कदाचित खरोखरच काहीतरी गमावलं गेलं असतं.

मी तीस वर्षं वर्गात लॉक शिकवला. त्या शब्दाला इतका सरळ प्रश्न मी कधी विचारला नव्हता. इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ या.