अंगाबरोबर वाढणारा स्वेटर

गेल्या वर्षीचा सदरा यंदा तुम्हाला आखूड होतो. स्वेटर मात्र अजून बसतो. असे का? सदऱ्याचे उभेआडवे धागे जवळजवळ सरळ असतात. स्वेटरचा धागा टाक्याटाक्यांनी एकात एक गुंतवलेला असतो. ओढले की टाके लांबतात.

परंतु यात एक मेख आहे. स्वेटरची ऊब टाक्यांत कोंडलेल्या हवेमुळे टिकते. ताणल्यावर कापड पातळ होते, भोके रुंदावतात आणि ऊब घटते.

वारंवार ताणलेले टाके सैलही पडतात. १९५८ साली अमेरिकेत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्स धागा शोधला. तो पाचपट ताणूनही पुन्हा आखडतो. मात्र कडक इस्त्रीने व क्लोरीनने दुबळा होतो.

आता करून पाहा: जुन्या बनियनवर १० सेंटिमीटरची रेघ काढा, ताणा, सोडा. रेघ लांबलेलीच राहिली, तर टाके थकले समजा!