ढोलाची विद्या अजून वाढते आहे काय ?

लग्नसराईंत चिरनेर-उरणच्या बाजूस कोठेंही सायंकाळीं गेलें, तरी ढोल आणि बेंजो कानीं पडतातच. तें वादन ऐकून शहरांतील पाहुणे विचारतात, "यांत कांहीं नवें घडतें, कीं नुसता गोंगाट वाढतो ?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचें उत्तर देण्यापूर्वीं या वादनाची घडण पाहिली पाहिजे.

ढोल-ताशांत नादाचे दोन थर असतात. ढोल खर्जांत संथ ठेका धरतो आणि ताशा त्यावर बारीक काठ्यांनीं चपळ बोल काढतो. याच तत्त्वाचें एक संगीत इंग्लंडमध्यें १९९० नंतर लवकरच उदयास आलें. त्याचें नांव 'ड्रम अँड बेस'. त्याचा ताल मिनिटास सुमारें १६० ते १८० ठोक्यांचा असून त्याखालीं संथ खर्ज वाहतो. त्याच्या मुळाशीं 'द विन्स्टन्स' या अमेरिकन वाद्यवृंदाच्या १९६९ सालच्या ध्वनिमुद्रिकेंतील ढोलवादनाचा एक तुकडा आहे. तो तुकडा जेमतेम सहा-सात सेकंदांचा ! पण वादकांनीं तो कापला, त्याचा वेग वाढविला आणि नव्या क्रमानें जुळविला. द्रव्य जुनेंच, रचना मात्र नवी; विकास म्हणतात तो हाच.

आपल्याकडेही तसेंच घडलें आहे. बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज 'तायशोगोतो' हें वाद्य जपानमधील नागोया येथें १९१२ सालीं मोरिता गोरो यांनीं घडविलें. परदेशी घराण्याचें हें वाद्य आज कोळीगीताच्या चालींना घरच्यासारखें शोभतें. पुढें ऑक्टापॅड आला. त्याच्या आठ चौकोनांतून आठ निरनिराळे नाद काढतां येतात. परकें वाद्य आलें म्हणून परंपरा बुडत नाहीं.

ती बुडते ती संख्येला आणि आवाजाला विद्या समजल्यानें. पुण्यांतील पथकांत तीसच वादक असावेत, असें हरित लवादानें ऑगस्ट २०२४ मध्यें ठरविलें. सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें त्यास स्थगिति दिली. वाद रंगला तो डोक्यांच्या मोजणीचा. बोलांची चर्चा कोणी केली? २००० सालच्या नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे, तिचीही आठवण थोड्यांनाच असते.

यांत खरी हानि निराळीच आहे. आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते. तिच्या गळ्याला ध्वनिक्षेपकाशीं झुंज देतां येत नाहीं. आणि जें मुलींच्या कानीं पडत नाहीं, तें त्यांच्या कंठीं कसें उतरावें?

म्हणून पुढच्या वरातींत एवढेंच ऐकावें : ढोलानें ठेका राखला असतां ताशा नवा बोल बांधतो आहे काय ? बांधीत असेल, तर विद्या वाढते आहे असें खुशाल समजावें. मात्र धवला सुरू होतांच यजमानांनीं यंत्र बंद करावें.