औषधाची चूक नर्सने स्वतः कबूल केली, तरी खटला चालला. मग पुढची चूक सांगणार कोण?

डिसेंबर २०१७. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातलं व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटी मेडिकल सेंटर. ७५ वर्षांच्या एका महिला पेशंटचं स्कॅन करायचं होतं. बंद जागेत त्यांचा जीव घाबरा होत असल्याने आधी 'वर्सेड' हे भीती कमी करणारं औषध द्यायचं ठरलं.

नर्स रॅडोंडा वॉट औषधांच्या कॉम्प्युटराइज्ड कपाटापाशी गेल्या. 'व्ही' आणि 'ई' ही दोनच अक्षरं टाइप केली. वर्सेड दिसलं नाही, कारण कपाटात ते 'मिडाझोलम' या जेनेरिक नावाने होतं. मग त्यांनी 'ओव्हरराइड' केलं, म्हणजे नेहमीची पडताळणी वगळून औषध काढायचा पर्याय वापरला. पुन्हा तीच अक्षरं. यावेळी समोर आलं 'व्हेक्युरोनियम'. हे औषध स्नायू लुळे पाडतं, श्वाससुद्धा घेता येत नाही.

तेच इंजेक्शन दिलं गेलं. दुसऱ्या दिवशी पेशंटचा मृत्यू झाला.

पुढे काय झालं?

चूक कळताच वॉट यांनी ती लपवली नाही, वरिष्ठांना सांगितली. त्यांची नोकरी गेली. हॉस्पिटलने मात्र ही चूक सरकारी यंत्रणांना कळवली नाही आणि कुटुंबाशी कोर्टाबाहेर तडजोड केली. २०१८ मध्ये निनावी तक्रार झाली, तेव्हा प्रकरण बाहेर आलं.

२०१९ मध्ये वॉट यांना अटक झाली, २०२१ मध्ये नर्सिंगचं लायसन्स गेलं. मार्च २०२२ मध्ये ज्युरीने त्यांना निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी दोषी ठरवलं. शिक्षा झाली ३ वर्षांच्या प्रोबेशनची. हॉस्पिटलवर मात्र फौजदारी खटला चालला नाही.

चूक एकट्या नर्सची होती का?

सरकारी वकिलांचा मुद्दा बिनबुडाचा नव्हता. वर्सेड द्रवरूपात येतं, व्हेक्युरोनियमची पावडर असते. बाटलीच्या झाकणावर धोक्याचा इशाराही होता. तो वाचला गेला नाही.

पण दुसरी बाजूही आहे. त्या काळात तिथे ओव्हरराइड करणं रोजचंच झालं होतं, असं सुनावणीत समोर आलं. स्कॅनच्या विभागात औषधाचा बारकोड तपासायची सोय नव्हती. आणि दोन अक्षरांवर जीवघेणं औषध देणारं कपाट नर्सने बनवलेलं नव्हतं.

औषध सुरक्षेवर काम करणाऱ्या 'आयएसएमपी' या संस्थेने नंतर शिफारस केली की, अशा कपाटांत औषध शोधताना किमान पाच अक्षरं टाइप करावी लागावीत. उपाय इतका साधा होता. पण चूक समजली, म्हणूनच तो सुचला.

'जस्ट कल्चर' म्हणजे काय?

यात तीन गोष्टी वेगळ्या धरतात. नकळत झालेली चूक असेल, तर माणसाला धीर द्या आणि व्यवस्था सुधारा. सवयीने शॉर्टकट घेतला असेल, तर समज द्या आणि तो का घ्यावा लागला ते शोधा. धोका माहीत असून बेपर्वाई केली असेल, तर शिक्षा करा. म्हणजे इथे सरसकट माफी नसते.

विमान क्षेत्रात हे आधीपासून चालतं. अमेरिकेत १९७६ पासून पायलट आपल्या चुका 'नासा'कडे गोपनीयपणे कळवतात. एकाच्या चुकीतून बाकीचे शिकतात.

वॉट यांच्या निकालानंतर अमेरिकेतल्या नर्सेस रस्त्यावर उतरल्या. प्रश्न एकच होता, खरं सांगून जेल होणार असेल तर सांगायचं कशाला? २०२४ मध्ये केंटकी राज्याने कायदा करून आरोग्य कर्मचाऱ्यांना अशा चुकांसाठी फौजदारी खटल्यातून संरक्षण दिलं. जाणूनबुजून केलेलं कृत्य आणि गंभीर निष्काळजीपणा त्यातून वगळले आहेत.

आणि भारतात?

डॉक्टरवर फौजदारी खटला चालवायचा तर निष्काळजीपणा गंभीर असावा लागतो, असं सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार उपचारादरम्यान निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास डॉक्टरला २ वर्षांपर्यंत, तर इतरांना ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कमी शिक्षेची तरतूद वैद्यकीय पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांपुरती आहे. त्यात नर्स येत नाहीत.

म्हणजे इंजेक्शन ज्यांच्या हातून दिलं जातं, त्यांनाच चूक सांगायची भीती जास्त. आणि ती भीती आहे तोवर 'आमच्याकडे एकही चूक झाली नाही' असं सांगणारं हॉस्पिटल सुरक्षित आहे, की तिथे कुणी बोलतच नाही, हे पेशंटला कळायला मार्ग नाही.