‘कलम’ आणि ‘डोळा’ : मोसंबीच्या लागवडीतील दोन शब्द

मंठा ज्या जालना जिल्ह्यात मोडते, तेथील मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. ‘मोसंबी’ हे नाव मोझांबिककडे बोट दाखविते; ‘कलम’ हा शब्द मात्र ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरू, यापासून अरबी-फारसीमार्गे मराठीत आला. बोरू छाटूनच लेखणी होते. त्यामुळे लेखन व छाटणी हे दोन्ही अर्थ या एकाच शब्दात नांदू लागले असावेत, असे म्हणावयास हरकत नाही.

परसातील मोसंबीचे कलम डोळा भरून करतात. रंगपूर लिंबाच्या वा जंबेरीच्या पेन्सिलीएवढ्या जाड खुंटाच्या सालीस इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा छेद घेऊन त्यात मोसंबीचा डोळा बसवितात व पट्टीने घट्ट बांधतात. लॅटिन ‘ओक्युलस’ या शब्दाचेही नेत्र आणि झाडाचा डोळा असे दोन्ही अर्थ आहेत. डोळा फुटला म्हणजे खुंटाचा शेंडा छाटावयाचा.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जोडाखाली येणारे धुमारे खुंटाचे असतात. ते वेळीच न काढल्यास मोसंबी दबते व अखेर आंबट लिंबाचेच झाड हाती उरते. तसेच जोड मातीत गाडला गेल्यास मोसंबीच्या सालीस बुरशी लागून डिंक्या रोग संभवतो.